तव्यावरची गादी

मला माशाच्या डोळ्यांची भीती वाटते. (कुकरच्या शिट्टीचीही वाटते, पण ते राहू द्या.) म्हणून मंद्रूपहून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, येणार म्हटल्यावर मी आमच्या सात रस्ता चौकातल्या दुकानातून बिनडोळ्यांचा मासा मागवला. ट्रेमध्ये पॅक केलेले फिले, म्हणजे काटे काढलेले तुकडे!

प्रसंग बाका होता. आमच्या घरात सुनेच्या हातचा मासा पसंत पडला, की सासू आपला काळा लोखंडी तवा तिला देते. आत्या तवा पिशवीत घेऊनच आल्या होत्या. तो परत गेला असता, तर अख्ख्या मंद्रूपला कळलं असतं.

ट्रेच्या तळाचा तुकडा सर्वांत देखणा निघाला. चौकोनी, पांढराशुभ्र, नावाला काटा नाही. पण त्याला मसालाच लागेना! अळवाच्या पानावरून थेंब घरंगळावा तसा खाली येई. (मी बी.एस्सी. आहे. मला वाटलं, जन्मभर पाण्यात काढलेला जीव, कंटाळला असेल ओलाव्याला.) उलटा केला, तर त्या बाजूने वाटीभर मसाला गटागटा प्यायला. बाकीच्या तुकड्यांना वाटी पुसून लावली, रव्यात घोळवलं, आमच्या नॉनस्टिकवर भाजलं आणि तो मानाचा तुकडा आत्यांना वाढला.

आत्यांना तो बोटांनी तुटेना. मग दातांत धरून ओढला.

"लई ताजा हाय की गं! अजून झुंजतोय!"

माझ्या हातातला तांब्या पडला.

"आई, थांब!" माझा नवरा, अमृत, केराच्या बादलीतून ट्रेचं वेष्टण काढून वाचत होता. "ह्यो मासा न्हाय. माशाचं पाणी शोषायला खाली ठेवत्यात ती गादी हाय. वरनं ओलं धरत न्हाय, म्हंजे मासा कोरडा राहतो."

"गादी? म्हंजे दिवाणावर असती तसली?"

"तिची धाकटी बहीण."

मला तवा मंद्रूपच्या एसटीत चढताना दिसायला लागला. डोळे भरून आले.

आत्यांनी गादी ताटाच्या कडेला ठेवली. खरा मासा सावकाश खाल्ला, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून तवा काढून माझ्यापुढे ठेवला.

"घे. गादीसुदीक कडंनं कुरकुरीत भाजलीस, जळू दिली न्हाईस. हात हाय तुला."

मी घाईघाईने पाया पडले.

"आन् मसाला बी झ्याक," माझ्या पाठीवर हात ठेवत त्या म्हणाल्या. "फकस्त फुडच्या बारीला त्यो माशाला लाव. मासा पार अळणी झालाय."