अनवाणी वादळ

"दोन महिन्यांत हा खडीवरून असा चालेल, की खडीलाच गुदगुल्या होतील," असं जॉकीकाकांनी नालबंदाला छातीठोकपणे सांगितलं.

नालबंद तेव्हा घोड्याचा मागचा पाय मांडीत धरून शेवटची नाल काढत होता. वर्षानुवर्षं खिळे ठोकून खुरांच्या कडांची इतकी चाळण झाली होती, की नवी नाल ठोकायला जागाच उरली नव्हती. त्याने मान वर न करताच सांगितलं, की नवा खूर खाली उतरायला वर्षभर तरी लागेल, आणि तळवा जाड होईपर्यंत घोडा प्रत्येक खड्याला नावं ठेवेल. रोज चालवायचं, हळूहळू कडक जमिनीवर न्यायचं, आणि पाठीवर कुणी बसायचं नाही.

"मग मी बसायचं केव्हा?" काकांनी विचारलं.

"खडीवरून आपल्या मनाने, न थबकता चालला, की बसा. त्याआधी बसलात तर मला बोलावू नका."

काकांचा जीव या एका अटीला टांगला गेला. त्यांची उभी हयात शर्यतीचे घोडे पळवण्यात गेली. पहिला नंबर कधी नशिबात आला नाही, पण त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. या घोड्यावर, वादळवर, ते शेवटचे बसले, तेव्हा ही शेवटची दौड आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्यांनी ती जरा नीट जगून घेतली असती. पुढे काका निवृत्त झाले, वादळही झाला, आणि काकांनी त्याला मागच्या अंगणात आणून बांधलं. एकदा, फक्त एकदा, त्याच्या पाठीवरून वारा कानात शिरला पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. मधल्या काळात पोट बरंच पुढे आलं होतं, पण इच्छेला कुठे पोट असतं?

ते घरी आले की काकूंना जुनी आठवण काढून विचारायचे, "शेवटच्या शर्यतीत कसा दिसलो गं मी?"

"छान," काकू भाजी निवडत म्हणायच्या. सगळ्याच शर्यतींबद्दल त्या छानच म्हणायच्या. पहिल्या बाकावर बसून बायकोने सगळ्या शर्यती पाहिल्या आणि तिला एवढा एकच शब्द सुचावा, याचं काकांना मनातून फार वाईट वाटे.

पहिल्याच दिवशी वादळचं नाव बदलायची वेळ आली. दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, तसा तो गवतावरसुद्धा बेताबेताने पाऊल टाकू लागला. खडीच्या गल्लीच्या तोंडाशी तर तो असा उभा राहिला, जणू समोर नदीला पूर आलाय. काकांना भरून आलं. याला अनवाणी करून आपण बूट घालून हिंडायचं, हे काही बरं नाही, असं म्हणून त्यांनी आपले बूट माळ्यावर टाकले. घोडा खडीवर चालेपर्यंत आपणही अनवाणी!

तेव्हापासून रोज सकाळी ते दोघे गल्लीतून निघत. घोडा एका खड्यावर थांबे, काका दुसऱ्यावर. "आई गं" मात्र एकटे काकाच म्हणत.

लोकांना काय, निमित्तच हवं असतं. शेजारीण काकूंना हळूच विचारून गेली, की घरात कुणी गेलं का. इस्त्रीवाल्याने ठरवून टाकलं, की मुलीने म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं. कुणीतरी फाटकाला जुन्या चपला अडकवून गेलं. काकांनी त्या विचारत विचारत मालकाला परत नेऊन दिल्या, तर दुसऱ्या दिवशी फाटकाला दोन जोड लटकत होते. परगावच्या मुलीचा रडवेला फोन आला. काकूंनी तिची समजूत काढली, "अगं काही नाही, बाबांची घोड्याशी स्पर्धा लागलीय. सध्या घोडा पुढे आहे."

वादळ हुशार निघाला. खडी टाळून कडेच्या गवतावरून, लोकांच्या पायपुसण्यांवरून, एकदा तर शेजारणीने उन्हात टाकलेल्या गादीवरून तो चालू लागला. नाल नसल्याने त्याच्या पावलांचा आवाजही होईना. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेलं गाजर उचलायला वळल्या, की गाजर गेलेलं असे आणि तिथे एक लांबडं तोंड त्यांच्याकडे बघत असे. महिने गेले, नवा खूर उतरला, नालबंदाने कडा घासून गोल करून दिल्या. तरी वादळ खडीवर पाय ठेवीना. काकांचा मात्र धीर सुटत चालला. रात्री त्यांच्या टाचा ठणकत आणि दिवसा मन.

त्यातच गल्लीच्या टोकाला नव्या दाताच्या डॉक्टरने दवाखाना काढला. आवारात नवीकोरी खडी, त्यावर फाटकापासून दारापर्यंत लांबलचक जाड गालिचा, दारात लाल फीत. दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर पाहुणे. काकू आधीच जाऊन बसल्या होत्या. घोड्याला फिरवून मागून या, आणि येताना पायात काहीतरी घाला, असं त्यांनी काकांना बजावलं होतं. काकांनी पहिला भाग ऐकला होता.

वादळने फाटकातून गालिचा पाहिला. दोरीला एक हिसका दिला आणि तो सरळ आत गेला. गालिच्यावर चार पावलं टाकून त्याने डोळे मिटले, सुस्कारा सोडला आणि तो तिथेच उभा राहिला. किती महिन्यांनी पायाखाली सुख लागलं होतं! ओढून झालं, ढकलून झालं, बिस्किट दाखवून झालं. घोड्याने बिस्किट खाल्लं आणि तो पुन्हा उभा राहिला.

"काका, याला जरा बाजूला घेता का?" डॉक्टर अदबीने म्हणाला. "फीत कापायची वेळ झालीय."

"वर बसल्याशिवाय तो वळायचा नाही," काका म्हणाले. नालबंदाची अट त्यांना तोंडपाठ होती. पण नालबंद खडीबद्दल बोलला होता, गालिच्याबद्दल नव्हे.

"अहो, नको," काकू म्हणाल्या. तोवर काका पाहुण्यांच्या खुर्चीवरून घोड्यावर पोचलेही होते.

मांड्यांना ती जुनी ऊब लागली. समोर दोन कान, आणि त्या कानांच्या मधे दिसणारं जग. इतकी वर्षं आपण हेच शोधत होतो, असं वाटून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मानेवरचे केस मुठीत धरले आणि ते तसेच बसून राहिले. घोडा वळवायचं ते विसरूनच गेले.

तेवढ्यात आत कुणीतरी टेबलावरची नवी घंटा वाजवून पाहिली.

शर्यतीचं फाटक उघडताना घंटा वाजते, हे दाताच्या डॉक्टरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वादळला ठाऊक होतं. तो सुटला! पाहुणे दोन्हीकडे पांगले, गालिचा मागे चुणत गेला, आणि काकांच्या कानात वारा शिरला. अगदी तोच वारा. या वेळी ही शेवटची असू शकते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी क्षणभराची ती दौड कणाकणाने जगून घेतली.

गालिचा संपला तिथे वादळ थांबला. काका थांबले नाहीत. छातीने लाल फीत तोडून ते आत टेबलावर आपटले. आयुष्यात पहिल्यांदा पहिले आले, समोरचा एक दात पाडून. डॉक्टरने पहिल्या रुग्णाला पुष्पगुच्छासकट खुर्चीत बसवलं.

परतायला जेवणवेळ झाली. वादळला भूक लागली होती. त्याने दोरी ओढली आणि तो आवारातल्या नव्या खडीवरून, पुढे गल्लीतल्या खडीवरून, एकदाही न थबकता घराकडे चालू लागला. काका बघतच राहिले. खूर केव्हाच तयार झाला होता; नवाबाला फक्त मऊ वाटेची सवय लागली होती.

"चालतोय बघ," काका सुजल्या तोंडाने म्हणाले. "आई गं! उद्यापासून बसणार मी."

काकूंनी त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ घेतला. मग म्हणाल्या, "आज तुम्हाला पळताना पहिल्यांदाच पाहिलं."

"पहिल्यांदा? अगं, सगळ्या शर्यतींना पहिल्या बाकावर असायचीस ना?"

"डोळे गच्च मिटून. तुम्ही पडाल असंच वाटायचं सारखं. टापांचा आवाज गेला की उघडायचे. आज मेल्याच्या टापाच वाजल्या नाहीत, मिटायला सवडच मिळाली नाही."

काका गल्लीच्या मधोमध एका टोकदार खड्यावर उभे राहिले. त्यांनी विचारलं, "मग? कसा दिसलो?"

काकूंनी या वेळी विचार केला. अगदी मनापासून केला.

"घोड्यावर पिठाचं पोतं ठेवल्यासारखे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.