भुरीचा बंदोबस्त

"हौसराव, तुझी नजर घारीची!"

इंग्रजी राज्यात दौंड टेसनावर एका रेल्वेसाहेबानं काढलेले हे शब्द हौसरावांच्या कानात अजून शिट्टीसारखे वाजत. नोकरी संपली, शिट्टी राहिली. भेटेल त्याला ते सांगत, "मी हौसराव. गुप्त पोलीस. साऱ्या दौंडाला ठाऊक हाय." सत्तार शिंपी त्यांचा मदतनीस. कधीतरी तो 'न्हाई' म्हणायला विसरला, एवढाच त्याचा गुन्हा.

त्या सकाळी शेजारची सिंधूबाई न्हावऱ्याच्या यष्टीत चढता चढता ओरडली, "आबा, दुधीच्या वेलावर भुरी आलीय! तेवढा तिचा बंदोबस्त करा!"

यष्टी धुरळा उडवत गेली. हौसरावांनी डोळे बारीक केले. "सत्तार, आरोपीचं नाव मिळालं."

भुरी ही सत्तारच्या आईची, इमामबीची, लाडकी शेळी.

वेलाचं मूळ इमामबीच्या अंगणात, मांडव सिंधूबाईच्या. मधल्या कुडावर दुधी लोंबत आणि गप्पाही. जात्यावर बसली की इमामबी म्हणे,

मूळ माझ्या दारी, मांडव शेजारी
वेल गं नांदते, दोन्ही घरी.

हौसरावांनी वेल तपासला. पानापानावर पांढरे डाग, बोट लावलं की पीठ. त्यांनी चाखलं. "गव्हाचं." पुन्हा चाखलं. "न्हाई, जोंधळ्याचं. शेळी जात्यापाशी लोळली आन् मांडवावर चढली."

"आबा, मांडव तुमच्या डोक्याच्या वर हाय."

"म्हणून तर मला दिसली न्हाई."

"पण एकबी पान खाल्लेलं न्हाई."

"तिथंच फसली! शेळी असून पान खात न्हाई? मन खात असणार तिचं!"

भुरी कोंडवाड्यात निघाली. वाटेत तिनं हौसरावांच्या धोतराचा सोगा खाल्ला. मन बहुधा पुरलं नसावं.

इकडं हे कळताच इमामबीनं दुपारची भाकरी तशीच ठेवली. "सिंधीनं माझ्या लेकरावर आळ घेतला? एका वेलाचं खाल्लं, आन् तोंडावर बोलली न्हाई?" ती विळा घेऊन वेलाच्या बुडाशी बसली. "मूळच नको मग."

सत्तारनं मुळावर हात आडवा धरला. "अम्मा, तिला येऊ तर दे. त्याआधी कापायचं तर माझा हात काप."

मायलेक तसेच बसून राहिले. दिवस कलला तशी सिंधूबाई पुडी घेऊन आली, मागोमाग हौसरावही आले, आणि सारं ऐकून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अवं आबा, भुरी म्हंजी रोग! पानावर पीठ धरतं त्यो! मी गंधक घिऊन येस्तवर रोगट पानं तेवढी खुडायची, तर तुम्ही शेळी कोंडली?"

इमामबीनं विळा बाजूला टाकला. गालावरचं पाणी पदरानं पुसत ती म्हणाली, "सिंधे, पुडी ठेव तिथं. आधी माझी भुरी आणू, मग तुझी घालवू."

दोघी हसत कोंडवाड्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी हौसराव कोट घेऊन दुकानात आले. "प्रकरण मिटलं. आता या खिशावर साहेबाचे शब्द भरून दे. लाल दोऱ्यात."

साहेब ते बोलला त्या दिवशी सत्तार फलाटावरच होता. इतकी वर्षं त्यानं आपली जीभ सुईसारखी उशीत खोचून ठेवली होती. पण काल त्याला स्वतःचा हात मुळावर आडवा धरावा लागला होता.

"आबा, पुरं वाक्य भरायचं तर खिसा पुरायचा न्हाई."

"पुरं म्हंजी?"

"साहेब म्हणाले होते, 'हौसराव, तुझी नजर घारीची! पण चोर म्हणून धरलास, तो माझा सासरा हाय!'"