रबरी बोटांची शिकवणी

घरात मी सहसा कशाला हात लावत नाही. त्यामागे आळस नाही, अनुभव आहे. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी वारा सुटला, खिडकी धडाधड आपटायला लागली आणि माझ्या मनात आलं, एवढी साधी खिडकी तर आपण लावू. उठलो आणि लावली. चांगला जोर देऊन लावली. चौकटीत तेव्हा हिच्या उजव्या हाताचा अंगठा होता, हे मला ती ओरडल्यावर कळलं.

तुम्ही म्हणाल, अंगठाच तो, होईल बरा. मीही तेच म्हणालो. (म्हणायला नको होतं.) कारण हिचा सगळा धंदा त्या अंगठ्यावर उभा होता. आमच्या घरामागे नासपतीची झाडं आहेत. हे फळ भारी लहरी. कडक असतानाच झाडावरून उतरवायचं, आतल्या खोलीत कागदावर मांडायचं आणि वाट बघत बसायचं. आज दगड, उद्याही दगड, परवा सकाळी अमृत आणि संध्याकाळी लगदा. मधली ती नेमकी वेळ फक्त हिला कळते. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबते आणि सांगते, हे आज खा, हे उद्या.

इतकी वर्षं ही फळं शेजारीपाजारी फुकट जात होती. यंदा गावातल्या मोठ्या बेकरीच्या मालकीणबाईंच्या हाती एक लागलं. त्या म्हणाल्या, एक खोकं भरून ठेवा, रविवारी मी स्वतः येऊन बघते, मनासारखं असलं तर सगळ्या हंगामाची फळं तुमच्याकडूनच घेईन. तेव्हापासून ही काम करताना गुणगुणायला लागली होती. लग्नानंतर तिने शिवणकाम धरलं आणि घरासाठी सोडलं, शिकवण्या धरल्या आणि घरासाठी सोडल्या. हे एक काम तिचं स्वतःचं होणार होतं. आणि रविवार दोन दिवसांवर असताना मी खिडकी लावली.

अंगठा सुजून टम्म झाला. ही माझ्यावर ओरडली नाही, नुसती आतल्या खोलीत जाऊन फळांसमोर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. नवनव्या यंत्रांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत मी कारकून आहे आणि माझ्या टेबलावर शेतीचे शोध येतात. आतून सडलेला कांदा वासावरून ओळखणारी पेटी, द्राक्षाचा घड न दुखावता उचलणारा पंजा, मधात साखर मिसळलीय का ते प्रकाश टाकून सांगणारी नळी, असं काहीबाही. त्यातलं काय चांगलं आणि काय टाकाऊ, हे ठरवणं माझ्या टेबलाकडे नाही. मी आलेला कागद उचलतो, उलटसुलट करून बघतो आणि जिथून आला तिथे परत पाठवतो. या कामात माझा हात धरणारा आख्ख्या कचेरीत कोणी नाही.

शनिवारी तिथे एक संशोधक आला होता, अंगात ढगळ सदरा आणि चेहऱ्यावर कायम काळजी. त्याच्या यंत्राला तीन मऊ रबरी बोटं होती, वास घेणारं नाक होतं आणि फळाच्या आरपार बघणारा दिवा होता. फळ पिकलंय का हे ते दाबून, हुंगून सांगायचं आणि अलगद उचलून वेगळं ठेवायचं. मी त्याला हिच्या अंगठ्याची हकीकत सांगितली. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. (यंत्र वापरून बघायला एक घर मिळतंय म्हणून असेल.) त्याने ते मला वापरायला दिलं आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली.

"हे कोरं आहे. सुरुवातीला तुम्ही फळ चाखायचं आणि हिरवं नाहीतर लाल बटण दाबायचं. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. शिकवणारा जसा, तसं हे होतं. तेव्हा ज्याला फळ कळतं त्यानेच शिकवा."

यंत्र बघून हिच्या चेहऱ्यावर त्या खिडकीनंतर पहिल्यांदा हसू आलं. म्हणाली, चाखायला जीभ आणि बटणाला डावा हात पुरे, सकाळी मी शिकवते. पण रविवारी सकाळी लक्षात आलं, की खोक्यात घालायचा भुसा घरात नाही आणि तो बघून आणण्याइतकी अक्कल मला नाही. ती स्वतः निघाली. दारातून परत वळून म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत त्या यंत्राला हात लावू नका."

मी हात लावला नाही. अक्षरशः लावला नाही. मी फक्त विचार केला, की ती दमूनभागून येईल तेव्हा सगळं तयार असलं तर किती खूश होईल. पण मला सर्दी झाली होती. नासपती काय नि बटाटा काय, तोंडात सगळं सारखंच. म्हणून मी सासऱ्यांना हाक मारली.

सासरे आमच्याकडेच असतात. शाळेतून निवृत्त झाले, पण पेपर तपासायची हौस काही फिटलेली नाही. पोस्टमनने आणलेल्या पाकिटावरही लाल पेन्सिलीने खुणा करतात. पास-नापास हे शब्द ऐकताच ते ताठ झाले. खुर्ची मागवली, टॉवेल गळ्यात बांधला आणि म्हणाले, "जावईबापू, एकेक उमेदवार आत पाठवा." नवी कवळी सकाळपासून टोचत होती म्हणून त्यांनी ती काढून ठेवली होती, त्यामुळे बोलणं जरा फुसफुसत होतं, पण रुबाब जुनाच होता. मी फाक कापायचो, ते तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचे. बरीच फळं नापास झाली. मी मनात म्हटलं, माणूस कडक आहे, बेकरीला असाच पाहिजे.

मग यंत्राला मोकळं सोडलं. काय सांगू तुम्हाला. तीन बोटं खाली यायची, फळाला हळूच कवेत घ्यायची, नाक हुंगायचं, दिवा लागायचा आणि फळ न बिचकता आपापल्या टोपलीत जायचं. बघताबघता खोली रिकामी झाली. पास झालेली फळं मी खोक्यात रचली, वर कागद घातला, चिकटपट्टी लावली आणि वळणदार अक्षरात 'उत्तम प्रत' असंही लिहिलं. नापासांची टोपली पलंगाखाली सरकवली.

ही भुशाचं पोतं घेऊन दारात आली आणि तिच्या मागोमाग मालकीणबाईही आल्या. वेळेच्या आधीच. चिकटपट्टी लावलेलं खोकं बघून हिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही. पण पाहुण्यांसमोर बोलणार काय? मीच पुढे होऊन चिकटपट्टी काढली आणि म्हणालो, बघा.

मालकीणबाईंनी एक फळ उचललं. म्हणजे उचलायला गेल्या. फळाचा वरचा भाग त्यांच्या हातात आला आणि खालचा खोक्यातच राहिला. दुसऱ्यात त्यांचं बोट थेट बीपर्यंत गेलं. त्यांनी रुमालाने बोटं पुसली आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "भट्टीत घालायला मला जरा अंग धरून राहणारं फळ लागतं. असू दे, पुढच्या वर्षी बघू."

हिचा चेहरा खर्रकन उतरला. मला खरंच रडू आलं. बाकीच्या गोष्टींत मी चुकलो तरी घर चालतं, पण हे मी तिचं मोडलं होतं आणि मला ते कळत होतं.

तेवढ्यात सासरे घुश्शात पुढे आले. म्हणाले, फळात काहीही खोट नाही, मी एकेक चाखून पास केलंय, जिभेने टाळूला दाबलं की विरघळतं.

ही त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाबा, तुमची कवळी कुठे आहे?"

"पेल्यात. टोचते ती."

"म्हणजे जे चावावं लागलं ते सगळं नापास?"

"अर्थात," सासरे म्हणाले.

मग हिने पदर खोचला आणि मला एवढंच विचारलं, की नापास कुठे आहेत. मी पलंगाखाली शिरून टोपली ओढून काढली. तिने मालकीणबाईंना पाच मिनिटं बसायची विनंती केली, यंत्राची शिकवणी पुसून ते कोरं केलं आणि त्यांच्यासमोरच शिकवायला बसली. एक घास, डाव्या हाताने बटण. एक घास, बटण. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघणं सोडलं आणि खुर्ची जवळ ओढली. थोड्याच वेळात रबरी बोटं देठाजवळ हलकेच दाबायला लागली, थेट हिच्यासारखी. नापासांच्या टोपलीतून दगड बाजूला झाले आणि उरली ती नेमकी आजची फळं. मालकीणबाईंनी एक चावून खाल्लं. दुसरं खाल्लं. रस हनुवटीवर आला तरी पुसला नाही.

"ही कोणाची पारख?" त्यांनी विचारलं.

"माझी," ही म्हणाली. इतक्या वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून असा कधी ऐकला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि उगीचच छातीही फुगली.

हंगामाचं काम ठरलं. वर सासऱ्यांची मऊ फळंही त्या घेऊन गेल्या. त्यांच्या बेकरीत दात नसलेली बरीच मंडळी येतात आणि निराश होऊन परत जातात म्हणे. त्यांच्यासाठी मऊ फळांचं वेगळं खोकं दर आठवड्याला हवं. सासऱ्यांनी ती नेमणूक लगेच स्वीकारली आणि कवळी न घालण्याला आता कामाचं कारण सांगतात. संशोधकाला कळवलं तर तो आनंदाने दोन दिवस झोपला नाही. आता त्याने यंत्रात वेगवेगळ्या शिकवण्या ठेवायची सोय केलीय, एक हिची आणि एक बाबांची. अंगठा बरा झालाय, पण ही तो आता फक्त हिशेब तपासल्यासारखा अधूनमधून फळाला लावते.

सगळ्यांना काही ना काही मिळालं. मला खोकी उचलायचं काम मिळालं. पण माणसाला वाटतंच, आपणही काहीतरी मागे ठेवावं. परवा सर्दी गेली होती, घरात कोणी नव्हतं, म्हणून मीही यंत्राला शांतपणे, मन लावून शिकवायला बसलो. तिसरी शिकवणी, माझी.

संध्याकाळी संशोधक आला. त्याने तिसरी शिकवणी लावून यंत्र सुरू केलं. बोटं खाली आली. फळ उचललं, उलटसुलट करून नीट बघितलं, हुंगलं, दिवा लावला, थोडा वेळ हवेत धरून ठेवलं. आणि जिथून उचललं होतं तिथेच परत ठेवलं. दुसरं उचललं. तेही परत ठेवलं. संशोधकाचा चेहरा पांढरा पडला. स्क्रू काढायला त्याने पिशवीत हात घातला आणि म्हणाला, यंत्र बिघडलं.

ही भुसा पसरत होती. तिने मान वर करून एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं.

"बिघडलेलं नाही हो," ती म्हणाली. "यांनी शिकवलंय."