तुलना मंडळाचा धक्का

माणूस गरीब आहे की श्रीमंत, हे नुसतं त्याच्याकडे बघून ठरत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करावा लागतो. तो मिळेपर्यंत पहिला आपला जेवतो, झोपतो, बायकोशी भांडतो, आणि आपली नेमकी अवस्था काय आहे याचा त्याला पत्ताही नसतो. ही अडचण दूर करण्यासाठीच प्रशांत किनारा तुलना मंडळ स्थापन झालं. मंडळाचं मुख्य कार्यालय युरोपात एका तळ्याकाठी आहे. (तिथून प्रशांत महासागर दिसत नाही, त्यामुळे निःपक्षपातीपणा आपोआप राखला जातो.)

मंडळाने चिलीच्या बाजूने आमचं बेट पुंता लुमा निवडलं आणि समोर उभं करायला कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या मूळनिवासी त्सिम्शियन लोकांचं गाव सीडर इनलेट. निवड अत्यंत शास्त्रीय होती. दोन्हीकडे पाऊस, दोन्हीकडे मासे, आणि दोन्हीकडे बोटीला धक्का नाही. मधे बारा हजार किलोमीटर असल्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्यांत असतं तसं जुनं भांडणही नव्हतं. दोघांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना करून जो अधिक वंचित ठरेल, त्याला मंडळ पक्का धक्का बांधून देणार होतं. अंतिम निकाल मी शेवटी देणार आहे. वाचकांनी थेट शेवटावर उडी मारू नये.

धक्क्याची गरज सर्वांनाच होती, पण सर्वांत जास्त माझ्या पाठीला होती. माझ्या सासूबाई, दोन्या क्लोरिंदा, यांना महिन्यातून एकदा मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. जुना धक्का वादळात गेला. खडकांमुळे बोट काठाला लागत नाही, म्हणून मी त्यांना पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बोटीपर्यंत नेतो. त्या वरून मार्गदर्शन करतात.

"डावीकडे घे. अरे, तिकडे खड्डा आहे! हळू! तुझा सासरा मला कधी असं हिंदकळवत नव्हता."

(सासरेबुवांच्या काळी धक्का होता.)

गेल्या हिवाळ्यात माझा पाय सरकला आणि आम्ही दोघंही गळ्यापर्यंत गेलो. सासूबाईंना न्यूमोनिया झाला. त्या पंधरवड्यात घरात सूचना देणारं कोणी नव्हतं, आणि मला खरोखर भीती वाटली. बरं वाटल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, "डावीकडे म्हटलं होतं." तेव्हा मी ठरवलं, धक्का मिळवायचाच. मी मच्छीमार संघटनेचा चिटणीस आहे आणि पूर्वी मालवाहू जहाजांवर होतो, त्यामुळे मला इंग्रजी येतं आणि लोकांना माझं ऐकावं लागतं.

मंडळाचे डॉक्टर ब्रोडरसन येण्याआधी संघटनेच्या शेडमध्ये सभा झाली. त्यात गरीब दिसण्याबाबतचे ठराव एकमताने मंजूर झाले: बोटींची नवी इंजिनं झाकून ठेवावीत, फुटके कप बाहेर काढावेत, आणि कुणीही पाहुण्यांसमोर गाऊ नये. फक्त माझी बायको ओतिलिया शंका घेऊन उभी राहिली.

"फुटक्या कपात चहा द्यायचा? घरी आलेल्या माणसाला?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग तूच दे. मी त्या दिवशी माहेरी जाते."

(तिचं माहेर आमच्या घरापासून चौथं घर. डॉक्टरांना दाखवण्यासाठी गावातलं सर्वांत गरीब घर म्हणून नेमकं तेच निवडलं होतं.)

डॉक्टर आले. उंच, सभ्य, ओला माणूस. त्यांच्यासोबत सीडर इनलेटच्या अल्विना स्पेन्स होत्या. तुलना न्याय्य व्हावी म्हणून प्रत्येक गाव दुसऱ्याकडे आपला निरीक्षक पाठवत होतं. समोरचे आपल्याहून सुखी आहेत हे सिद्ध करणं हे निरीक्षकाचं काम. मी दोघांना सासूबाईंच्या दारात नेलं. ओतिलियाने एका घरून टेबलक्लॉथ आणला होता, दुसऱ्या घरून काचेचे पेले, तिसरीकडून गाद्या लावलेल्या खुर्च्या. गावातल्या सर्वांत गरीब घरात अख्ख्या गावाची श्रीमंती गोळा झाली होती. मागच्या अंगणात तर खड्डा खणून तापलेल्या दगडांवर कुरांतो रचला होता: शिंपले, खारवलेलं डुकराचं मांस, कोंबड्या, बटाटे, बटाट्याच्या जाड भाकऱ्या, वर नाल्काची भलीमोठी पानं. वाफ शेजारच्या बेटावरून दिसत असावी, कारण तिथूनही दोन बोटी आल्या.

डॉक्टरांनी प्रश्नपत्रिका उघडली. "बाई, तुम्हाला कशाची उणीव भासते?"

सासूबाईंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. "तुमच्या भुकेची. काहीच खाल्लं नाहीत."

नंतर मी सासूबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "आपण गरीब आहोत असं ठरलं होतं ना?"

"आहोतच की," त्या म्हणाल्या. "पण ते घरातल्या घरात. पाहुण्यांसमोर कशाला?"

डॉक्टर निघाले तेव्हा त्यांच्या अंगात नवा लोकरी स्वेटर होता आणि काखेत अख्खं चीज. अहवालात त्यांनी लिहिलं की पुंता लुमात दरडोई प्रथिनांचं प्रमाण युरोपच्या सरासरीच्या साडेचारपट आहे. (दर डोक्यामागे, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या डोक्यामागे.) शेवटच्या क्षणी एका घराने आमची लाज राखली. प्रश्नपत्रिका भरून झाल्यावर सही राहिली म्हणून डॉक्टर त्या घरी परत गेले, तर घर जागेवर नव्हतं. मालकाला खाडीपलीकडे राहायचं होतं, म्हणून सगळ्या गावाने दोर लावून, बैल जुंपून ते घर ओढत नेलं होतं. आमच्याकडे अशी कामं सगळे मिळून करतात, त्याला मिंगा म्हणतात. मजुरी नसते, पोटभर जेवण असतं. डॉक्टरांनी "मिंगा" असा रकाना शोधला. तो नसल्यामुळे त्यांनी लिहिलं, "एक कुटुंब बेघर." आमचा वंचिततेचा निर्देशांक लगेच सुधारला.

मग निरीक्षक म्हणून जायची माझी पाळी आली. सीडर इनलेटला पोचलो तेव्हा बोट काठाला लागेना. अल्विनाताईंचा भाचा पाण्यात उतरला आणि त्याने मला पाठीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वर होतो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डावीकडे घे."

"आमच्याकडेही सभा झाली होती," अल्विनाताई वाटेत म्हणाल्या. "विल्फ्रेडमामांनी बजावलं होतं, यंदा हात आखडता घ्या म्हणून."

"मग?"

"मग मामांनीच संत्र्यांच्या आठ पेट्या मागवल्या."

विल्फ्रेडमामा म्हणजे त्यांच्या आईचे भाऊ, घराण्याचे प्रमुख. (त्या लोकांत मोठेपण बापाकडून येत नाही, मामाकडून येतं. डॉक्टरांनी "वडिलांचा व्यवसाय" हा रकाना तीन वेळा खोडला.) गावातला सर्वांत श्रीमंत माणूस कोण, या प्रश्नाला सगळ्यांनी मामांच्या घराकडे बोट दाखवलं. आत एक टेबल, एक खुर्ची आणि मामा होते. मागच्या समारंभात त्यांनी बाकीचं सगळं वाटून टाकलं होतं, म्हणूनच ते सर्वांत श्रीमंत होते. डॉक्टरांनी लिहिलं, "तीव्र वंचितता." निरीक्षक म्हणून मी हरकत घेतली. मी म्हटलं, या माणसाला आत्ता रस्त्यावर उभं केलं तर अख्खं गाव घोंगड्या घेऊन धावेल, याहून मोठी इस्टेट कुठली? डॉक्टर म्हणाले, धावणाऱ्या लोकांचा बाजारभाव उपलब्ध नाही.

गावच्या दुकानात प्लास्टिकमध्ये बंद केलेला, समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन मासा होता, वर चिलीचा शिक्का.

"हा तुम्ही पाठवता?" अल्विनाताईंनी विचारलं.

"आम्ही तर तो खातही नाही."

"आम्हीही नाही. मग खातं कोण?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. डॉक्टर प्रवासासाठी दोन पाकिटं घेत होते. दोन्ही समाजांमधले व्यापारी संबंध अहवालात एवढेच नोंदले गेले.

संध्याकाळी मोठ्या सभागृहात समारंभ होता. अल्विनाताईंचा भाचा, तोच पाण्यातला, घराण्यातलं एक जुनं नाव धारण करणार होता. तिथे आहेर पाहुणे देत नाहीत, यजमान पाहुण्यांना देतात. पाहुण्यांनी जेवायचं, काय झालं ते बघायचं आणि लक्षात ठेवायचं. त्या कामाची ती मजुरी. मला संत्री, टॉवेल, चहाचा मग, माशाच्या तेलाची बरणी आणि मोज्यांचा एक जोड मिळाला. मला हे काम फार आवडलं.

जेवण झाल्यावर डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते सज्जन माणूस. त्यांना वाटलं, चांगली बातमी चांगल्या प्रसंगी द्यावी. त्यांनी जाहीर केलं की प्राथमिक हिशेबानुसार पुंता लुमा अधिक गरीब ठरलं आहे, फरक शून्य दशांश तीन, आणि धक्का चिलीला मिळत आहे.

मी जिंकलो होतो. माझी पाठ सुटली होती, सासूबाई कोरड्या पायांनी दवाखान्यात जाणार होत्या. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सभागृहातले सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले, आणि शेजारच्या म्हातारीने आपल्या वाट्याचे मोजे हळूच माझ्या मांडीवर ठेवून वर थोपटलं.

त्या मोज्यांनी घात केला. मी उठलो. अंगातला, सासूबाईंनी विणलेला स्वेटर काढून म्हातारीला दिला. पिशवीतलं, घरून आणलेलं चीज विल्फ्रेडमामांना दिलं. टोपी भाच्याला दिली. अजूनही लोक बघतच होते आणि द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"आणि तो धक्का," मी म्हणालो, "तोही तुम्हाला दिला. पुंता लुमाकडून!"

अल्विनाताईंनी मला बाहीला धरून खाली बसवलं. "अरे बाबा, पाहुण्याने द्यायचं नसतं! घ्यायचं आणि लक्षात ठेवायचं. आता याची फेड आमच्या डोक्यावर बसली."

विल्फ्रेडमामा सावकाश उठले. "घेतला," ते म्हणाले. "आणि सगळ्यांनी पाहिलं आहे."

डॉक्टरांनी नियमावली काढली. तिच्यातलं तर्कशास्त्र इतकं निर्दोष होतं की मला आजही तिच्याबद्दल आदर वाटतो. जो धक्का दान करू शकतो तो वंचित नाही, म्हणून पुंता लुमा बाद. आणि ज्याला साक्षीदारांसमोर धक्का मिळाला आहे त्याला धक्क्याची गरज नाही, म्हणून सीडर इनलेट बाद. शिल्लक निधी नियमाप्रमाणे मंडळाकडे परत गेला आणि तळ्याकाठच्या कार्यालयाला धक्का बांधण्यात आला. (त्यांच्याकडे बोट नव्हती. ती पुढच्या अंदाजपत्रकात घेतली.)

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"अख्खा धक्का देऊन टाकलास?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"बघू ते मोजे." त्यांनी मोजे उलटसुलट करून पाहिले. "हे मशीनवरचे आहेत. आणि वर आपल्याला गरीब म्हणतात! बरं केलंस." मग उठता उठता म्हणाल्या, "पाठ शेकून घे. मंगळवारी दवाखाना आहे."

त्या मंगळवारी पाणी बर्फासारखं होतं. मी पाऊल चाचपत चालत होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो. स्वाभिमानाने माझे पाय गरम होत नव्हते, आणि पाठीवरचा खोकला मला नेहमीपेक्षा मोठा ऐकू येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात अल्विनाताई आल्या. सोबत भाचा आणि आणखी दहा नातेवाईक, अवजारांसकट. प्रवासखर्चाचं काय केलंत, असं मी विचारलं.

"मंडळाने दिला. आम्ही पुढच्या तुलनेचे निरीक्षक आहोत. नियमावलीत निरीक्षकांची संख्या कुठे लिहिली आहे?"

त्यांनी येताना धक्का आणला नव्हता, हात आणले होते. लाकूड आमच्या रानातलं, बैल आमचे, दोर आमचे. ओतिलियाने पुन्हा सगळ्या गावाच्या खुर्च्या गोळा केल्या, यंदा कुणाचंही न ऐकता. मिंगा संपली तेव्हा पुंता लुमाला धक्का होता. मग आम्ही बाराजण निरीक्षक म्हणून सीडर इनलेटला गेलो आणि त्यांचा बांधून दिला, आमच्यापेक्षा चार हात लांब. आता ते पुन्हा येणार आहेत, कारण त्या चार हातांची फेड त्यांना झोपू देत नाही.

अहवालात दोन्ही गावांपुढे आजही "धक्का: नाही" असंच आहे. ज्यावर खर्च झाला नाही ते बांधकाम झालंच नाही, असा नियम आहे. म्हणजे कागदोपत्री सासूबाई अजून माझ्या पाठीवर आहेत. खरं सांगायचं तर घरीही आहेत. नव्या धक्क्यावर त्या एकदा चालल्या, लाकूड निसरडं आहे म्हणाल्या, आणि मला वाकायला सांगितलं. मी त्यांना धक्क्यावरून बोटीपर्यंत पाठीवर नेतो. पाय कोरडे राहतात. डावीकडे आता वळायला जागा नाही, पण सूचना चालू आहेत, आणि त्या चालू आहेत म्हणून मी खूश आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे अंतिम निकाल. आमच्यापैकी जास्त गरीब कोण, याची तुम्ही दुसऱ्या परिच्छेदापासून वाट बघता आहात, हे माझ्या लक्षात आलं आहे. सासूबाईंचा खोकला थांबला का, हे तुम्ही विचारलं नाहीत. (थांबला.) मंडळाला नेमकं असाच माणूस हवा आहे. तुमचं नाव मी कळवलं आहे. रुजू होण्याआधी इकडे येऊन जा. सासूबाईंनी तुमच्यासाठीही खुर्च्या मागून ठेवल्या आहेत, आणि खोकल्याची चौकशीही न परवडण्याची तुमची परिस्थिती ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. मोजे तुम्हाला आम्ही देऊ.