जोतीरामचा रंगीत लेसर

आपल्या लेकीच्या, मनिषाच्या लग्नात ढोल वाजणार नाही, असं जोतीरामने सुपारी फोडतानाच जाहीर केलं. नरसिंहपूरचे व्याही रामहरीराव धनगरी गजी नाचाच्या ढोलावर जीव टाकणारे. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मग काय टाळ्या वाजवायच्या?"

"लेसर शो ठेवणार हाय. रंगीत. घरीच बनवतोय," जोतीराम म्हणाला. "पुण्यात मोठी माणसं आता असलंच ठेवत्यात."

जोतीरामचं बारामतीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पुण्यातल्या मोठ्या माणसांचं त्याला बसल्या जागी कळत असे. खरं कारण वेगळं होतं. मनिषाची आई दोन वर्षांपूर्वी गेली. बिनआईच्या पोरीचं लग्न कसंतरी उरकलं, असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. ते साध्या मांडवातही जमलं असतं. पण साधं करायला डोकं लागत नाही, आणि जोतीरामला तर डोकं होतं.

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने कुठल्याशा मोडक्या यंत्रातली लाल लेसरची नळी आणली. हिरव्या आणि निळ्या लेसरची किंमत ऐकून तो परतीच्या एसटीत बसला. घरी येऊन त्याने दोन हॅलोजनचे दिवे घेतले. एकापुढे सरबताच्या हिरव्या बाटलीची काच लावली, दुसऱ्यापुढे औषधाच्या निळ्या बाटलीची, आणि वर भिंगं बसवली. लेसर एक, बाकीचे दोघे त्याचे चुलतभाऊ. तिघांपुढे एकेक स्पीकर, आणि स्पीकरच्या पडद्यावर चिकटवलेला आरशाचा तुकडा. गाणं लागलं की पडदा थरथरणार, आरसा हलणार, भिंतीवर नक्षी उमटणार.

त्याच्या बहिणीने, सारजाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"समजलं रं दादा. म्हंजी माझा कुंकू लावायचा आरसा तूच फोडलास."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जोतीरामच्या गावी, कन्हेरीत वऱ्हाड उतरलं. शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे माणसं बसली. जोतीरामने बटण दाबलं, भिंतीवर तीन ठिपके आले, टेप सुरू झाला आणि लाईट गेली.

दिवे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होते, कारण जोतीरामचा लाईटवर विश्वास नव्हता. टेप लाईटवर होता, कारण बॅटरी एकच होती. त्यामुळे ठिपके राहिले आणि गाणं गेलं.

वऱ्हाडाने बराच वेळ ठिपके पाहिले.

"लाल, हिरवा, निळा," रामहरीराव म्हणाले. "झ्याक हाय. पुण्यात बी असंच बगत बसत्यात व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आई आसती तर निदान येळंवर जेवायला वाढलं आसतं."

तेवढ्यात वऱ्हाडाच्या ट्रकपाशी नरसिंहपूरच्या ढोलवाल्या सर्जेरावने ढोलावर सहज थाप मारली. ढोल ट्रकमध्ये होताच. तो फक्त मांडवात आणायचा नव्हता. थापेसरशी भिंतीवरचे ठिपके किंचित हलले.

जोतीरामने ते पाहिलं. आवाज कुठूनही येवो, पडदा थरथरणारच.

"सर्जेराव, ढोल हितं आना! स्पीकरपाशी! वाजवा!"

"म्होरं कुणी नाचल्याबिगर आमी वाजवत न्हाय, आप्पा. तशी रीतच न्हाय."

"मग नाचवा की तुमची मानसं!"

"आमची नाचली आसती," रामहरीराव शांतपणे म्हणाले. "पर बंदी तुमी घातलीया. ती तुमच्याच पायानं उठवा."

सारजाने भावाच्या हातात नाचायचा रुमाल दिला. जोतीराम ढोलापुढे उभा राहिला. एक पाय उचलला, मग दुसरा. ढोल घुमला, माणसांनी आरोळी ठोकली. भिंतीकडे त्याची पाठ होती आणि थांबलं की ढोल थांबत होता, म्हणून तो वळलाच नाही. घोटे भरून आले तरी नाचत राहिला.

सकाळी तो लंगडत व्याह्यांना चहा घेऊन गेला.

"रामहरीराव, खरं सांगा. काल भिंतीवर कसं दिसलं?"

रामहरीरावांनी फुंकर घालून चहाचा घोट घेतला.

"भिंतीचं काय ठावं न्हाय बगा. समदी तुमच्याकडंच बगत हुती."