बिनटाक्याचं अस्तर

सुईच्या नेढ्यात दोरा काही जाईना, तेव्हा सांबशिवरावांनी सुई बायकोपुढे धरली. "अंबुजा, ओव बघू."

वर्षभर हे असंच चाललं होतं. तंजावरच्या अर्ध्याअधिक ब्लाउजांना अस्तर लावलेला हा शिंपी, पण साखर डोळ्यांवर आली आणि सुई बायकोच्या हाती गेली. औषधं थकली. एका डॉक्टरांनी पोट कापून लहान करायचं सुचवलं. दुसऱ्यांच्या रेशमावर बेधडक कात्री चालवणारे सांबशिवराव स्वतःच्या पोटाचं नाव निघताच पांढरेफटक पडले.

मग भेटल्या डॉक्टर भुवनेश्वरी, घरात मराठी बोलणाऱ्या, आपल्यातल्याच. त्या म्हणाल्या, "काका, कापायचं नाही. तोंडातून नळी घालून आतड्याला आतून दोन फूट अस्तर लावतो. अन्न त्यातून सरकतं, तेवढ्या भागात आतड्याला लागत नाही, म्हणून साखर उतरते. वर्षाच्या आत काढून टाकायचं. पथ्य मात्र सुटणार नाही."

"आणि टाके?"

"एकही नाही. वरच्या टोकाला बारीक हुक असतात."

"हुक!" सांबशिवरावांनी आ वासला. "न उसवता अस्तर? अय्यो स्वामी! तीस वर्षं शिवतों मी, हे ऐकलं नव्हतं!"

ठरलेल्या सकाळी ते हिरवा झगा घालून खाटेवर पडले. डॉक्टरांनी विचारलं, "पोटात काही गेलं नाही ना?"

"एक घास नाही, अम्मा."

"पाणी तेवढं प्याले," दारातून अंबुजाबाई म्हणाल्या. "आत्ताच. पाच तांबे."

डॉक्टरांचा हात थांबला. "पाच तांबे! कशाला?"

एवढी शिकलेली बाई आणि एवढं साधं ठाऊक नाही, याचं सांबशिवरावांना नवल वाटलं. "कोरं कापड भिजवल्यावाचून अस्तर लावूं नये, अम्मा. पहिल्या धुण्यात आटतं, चुण्या पडतात. म्हणून आत भिजवून घेतलं."

नर्सनं तोंड फिरवलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "गुंगीत ते पाणी छातीत शिरलं असतं, काका! तुमचा नंबर आता शेवटी. अस्तर बसवणारे मोठे डॉक्टर संध्याकाळच्या गाडीनं चेन्नईला परत जाणार. तोवर जमलं तर जमलं."

नाहीतर कात्री! सांबशिवराव दिवसभर दवाखान्याच्या लांब ओसरीत येरझाऱ्या घालत राहिले. अंबुजाबाई मागून हाकारत होत्या, "चाला हो, चाला! भिजवलंत ना? आता वाळवा!" जाणारे-येणारे थांबून बघायचे. प्रत्येक फेरी मोरीपाशी संपायची.

शेवटी चार वाजता एकदाचा नंबर लागला.

जाग आल्यावर डॉक्टरांनी त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं. गुलाबी ओल्या भिंतीवर ते अस्तर हळूहळू उलगडलं. कुठं सुरकुती नाही, ओढ नाही. आपल्या आत इतकं देखणं काम झालंय, हे पाहून सांबशिवरावांना रडूच आलं. त्यांनी पडद्याला हात जोडले. "माझ्या गुरूंनी हे पाहिलं असतं तर कात्री खाली ठेवली असती!"

"मग माझंही एक काम करा," डॉक्टर हसत म्हणाल्या.

आठवड्यानं त्यांचा रेशमी ब्लाउज दुकानात आला आणि पाठोपाठ फोनही. "उद्याच लग्न आहे, काका. अस्तर लावून द्या."

"अस्तराचं कापड भिजवायला हवं, अम्मा. दोन दिवस लागतील."

"वेळ नाही हो! तसंच लावा."

अम्मांचा शब्द कोण मोडणार? अंबुजाबाईंनी सुई ओवून दिली, सांबशिवरावांनी अस्तर लावलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर उतरली होती आणि सांबशिवरावांचा सदरा खांद्यावरून घसरत होता. डॉक्टर खूष झाल्या. मग जरा घुटमळून त्यांनी पिशवीतून ब्लाउज काढला. आतलं अस्तर आटून नुसत्या चुण्या पडल्या होत्या.

"एकाच धुण्यात असं झालं, काका," त्या हळूच म्हणाल्या.

सांबशिवरावांनी ब्लाउज उजेडाकडे धरून पाहिला आणि खिशातून सुई-दोरा काढला. अंबुजाबाईंचा हात सवयीनं पुढे आला, तर सांबशिवरावांनी स्वतःच दोरा केव्हाच ओवला होता. बाईंचा हात तसाच राहिला, आणि डोळे भरून आले.

सांबशिवरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. उसवता उसवता ते म्हणाले, "पुढच्या वेळी, अम्मा, आधी पाच तांबे."