तिसरीच्या तीन मागण्या

डिसेंबरातल्या त्या शनिवारी वृंदा मोघेला एकच काम नीट करायचं होतं. बरोबर दहा वाजता तिसरीची एकतीस मुलं रांगेने हॉलमध्ये आणून बसवायची. बाकी सगळं बडदींनी ठरवून ठेवलं होतं. बडदी म्हणजे मुख्याध्यापिका लाहिरीबाई. बालीगंजच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर भरणाऱ्या त्या प्राथमिक शाळेत त्यांच्या परवानगीशिवाय खडूसुद्धा मोडत नसे.

त्या वर्षी, म्हणजे एकोणसत्तर साली, बडदींच्या मनात आलं की हुशार मुलांना बक्षीस सगळेच देतात, चांगल्या मुलांना कुणी देत नाही. शहरात रोज मोर्चा, आज हे बंद, उद्या ते बंद. निदान आपल्या पाच वर्गांतून तरी चांगले नागरिक निघावेत. म्हणून दर वर्गाला एक पितळी बिल्ला करून आणला होता आणि त्यावर बंगालीत ‘सुनागरिक’ असं कोरलं होतं. बिल्ले द्यायला शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी सान्यालबाबू येणार होते.

वृंदाचा जीव टांगणीला लागला होता तो याच सान्यालबाबूंपायी. ती वर्षभर हंगामी होती. डिसेंबरअखेर कायम झाली तर ठीक, नाहीतर नोकरी संपली. आणि नोकरी संपली की मोघ्यांचं कलकत्त्यातलं बिऱ्हाडही संपलं. तिचे वडील रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, त्यांच्या पेन्शनीत बालीगंजचं भाडं परवडत नव्हतं. नागपूरच्या काकांनी पत्र पाठवून कळवलं होतं की वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि वृंदासाठी एक टायपिंगचा क्लास आणि एक स्थळ अशा दोन्हींची चौकशी करून ठेवली आहे. वृंदाचा जन्म कलकत्त्यातला. ती बंगाली बोलायला लागली की समोरच्याला शंका येत नसे, उलट मराठी बोलायला लागली की नागपूरच्या काकू तोंडाला पदर लावत. तिला नागपूरला जायचं नव्हतं. टायपिंग तर मुळीच शिकायचं नव्हतं.

बडदींनी आदल्या दिवशी तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं, की कार्यक्रम झाल्यावर सान्यालबाबू संदेशाची मिठाई खात असतील तेव्हा मी तुझा विषय काढीन. तोवर त्यांच्या मनाला धक्का लागेल असं काही होता कामा नये.

“माणूस घाबरलेला आहे, वृंदा,” बडदी म्हणाल्या. “जरा जपून.”

सान्यालबाबूंचा पंख्यांचा कारखाना होता, आणि घेरावांचे ते दिवस होते. कामगार साहेबाच्या भोवती गोल करून बसत आणि मागण्या मान्य होईपर्यंत त्याला जागचं हलू देत नसत. सान्यालबाबूंच्या वाट्याला दीड वर्षात दोन घेराव आले होते. पहिला नऊ तासांचा, दुसरा सतरा. दुसऱ्यानंतर त्यांना दाराच्या चौकटीत कुणी नुसतं उभं राहिलं तरी घाम फुटे.

आता वृंदाने वर्गाला नागरिकपण शिकवलं होतं ते मनापासून. मोघ्यांच्या घरात कुठलंच काम अर्धवट करायची पद्धत नव्हती. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर रोज पंधरा मिनिटं ती मुलांकडून घोकून घेत असे. चांगला नागरिक रांगेत धक्काबुक्की करत नाही, दुसऱ्याला म्हणतो, आधी तू. दारात पाहुणा आला की त्याला एकटा सोडत नाही. मोठ्या माणसाने काही विचारलं तर खरं तेच सांगतो आणि थोडक्यात सांगतो. मुलांना हे इतकं आवडलं की नोव्हेंबरात पाण्याच्या नळापाशी ‘आधी तू’, ‘नाही, आधी तू’ करता करता मधली सुट्टी संपायची आणि निम्मी मुलं तहानलेलीच वर्गात यायची. वृंदाला त्याचं कौतुकच वाटे.

बिल्ला तिने लीना धारपला द्यायचं ठरवलं होतं. लीनाचे वडील बँकेत, जुलैत नाशिकहून बदली होऊन आलेले. पोरीला बंगालीचं अक्षर येत नव्हतं. पहिले दोन महिने ती तोंड मिटून बसे. बोलावं न लागणारं एक काम म्हणून वृंदाने तिला रोज सकाळी शिक्षिकांचा हजेरीपट बडदींच्या टेबलावरून खोल्याखोल्यांतून फिरवायला दिला. पोर हळूहळू फुलली, बंगालीही बोलायला लागली. आणि एकतीस मुलांत जिच्याविरुद्ध एकानेही कधी तक्रार आणली नव्हती अशी ती एकटीच होती. तिच्या आईने, शकुनताईंनी, बिल्ला उठून दिसावा म्हणून गडद निळा फ्रॉक शिवून घेतला होता.

तर त्या शनिवारी दहाला पाच कमी असताना वृंदाने मुलांना व्हरांड्यात हॉलच्या दारापाशी रांगेत उभं केलं, घंटा झाली की आत या म्हणून सांगितलं आणि ती स्वागताच्या फलकाची सुटलेली दोरी बांधायला आत स्टुलावर चढली.

घंटा झाली. रांगेत पहिला अशोक होता. तो दारात पाऊल टाकणार एवढ्यात त्याने मागे वळून पाहिलं आणि मागच्या मुलीला म्हटलं, “आधी तू.” आता तीच पहिली झाली, तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मग तिला आठवलं. तिने तिच्या मागच्याला पुढे केलं. त्याने त्याच्या मागच्याला. सगळे इतक्या शिस्तीत आणि इतक्या हलक्या आवाजात बोलत होते की आत स्टुलावरच्या वृंदाला काहीच ऐकू गेलं नाही. आत कुणीच जाईना, आणि दर वेळी पुढचा शेवटी जाऊन उभा राहिल्यामुळे रांग मात्र पावलापावलाने उलटी सरकत राहिली. व्हरांडा संपला. पायऱ्या संपल्या. अंगण संपलं. फाटक उघडंच होतं, पाहुण्यांसाठी. पाच मिनिटांत तिसरीचा अख्खा वर्ग अतिशय सभ्यपणे शाळेबाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

नेमकी तेव्हाच सान्यालबाबूंची अँबॅसडर येऊन थांबली.

पाहुणा दारात आला होता आणि त्याला एकटं सोडायचं नव्हतं. मुलं गाडीभोवती जमली. गाडीला दारं चार आणि मुलं एकतीस, आणि दार उघडायचा मान कुणी घ्यायचा हा प्रश्न होता. अशोक म्हणाला, आधी तू. शेजारची म्हणाली, आधी तू. दार काही उघडेना. तेव्हा मुलांनी निदान हात जोडले आणि चहूबाजूंनी गोल करून, जराही न हलता, आत बघून हसत उभी राहिली.

सान्यालबाबूंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागच्या काचेतून पाहिलं. त्यांच्या कपाळावर ओळखीचा घाम आला.

“हरिपद, गाडी मागे घे.”

“मागे नऊजण आहेत, बाबू,” ड्रायव्हर म्हणाला. त्यानेही दोन्ही घेराव पाहिले होते. “पुढे सात. आपल्या लोकांपेक्षा नीट घातलाय.”

सान्यालबाबूंनी काच वर केली. समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली. कुणीतरी विचारलं काय झालं, कुणीतरी सांगितलं की घेराव आहे, शाळेतल्या पोरांनी मालकाला धरलंय. कोपऱ्यावरच्या एका तरुणाने कशाबद्दल ते न विचारताच “चोलबे ना, चोलबे ना”, म्हणजे चालणार नाही, अशी घोषणा सुरू केली. मुलांना ती ओळखीची होती, पण ती गप्प राहिली. पाहुण्यासमोर ओरडायचं नाही असं वृंदादींनी सांगितलं होतं. आणि त्या शांततेनेच सान्यालबाबूंचं धैर्य खचलं. ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. हात जोडून हसत उभ्या राहिलेल्यांशी काय बोलणार?

सतरा तासांत ते एक शहाणपण शिकले होते. रागवायचं नाही, आणि कागद-पेन लवकर काढायचं. त्यांनी खिशातून पेन काढलं, निमंत्रणपत्रिका पालथी केली आणि काच दोन बोटं खाली केली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “तुमच्या मागण्या काय आहेत?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मागण्या कुणाच्या मनातही नव्हत्या. पण मोठ्या माणसाने विचारलं होतं, आणि विचारलं की खरं ते थोडक्यात सांगायचं. काचेच्या सगळ्यात जवळ निळा फ्रॉक होता.

“संडासाच्या दाराला आतून कडी नाही,” लीना म्हणाली. “कडी पाहिजे.”

सान्यालबाबूंनी लिहून घेतलं.

“आणि पेरूवाल्याला फाटकाशी बसू द्या. तो लांब बसतो, मग आम्हाला रस्ता ओलांडायला लागतो.”

तेही लिहून घेतलं. “आणखी?”

तिने जरा विचार केला. “वृंदादींचं नाव पेनाने लिहा.”

याच क्षणी वृंदा धावत फाटकाशी पोचली. रिकाम्या व्हरांड्यात वर्ग सापडेना म्हणून तिने चौथीपर्यंतच्या खोल्या धुंडाळल्या होत्या, आणि मागून बडदीही पदर सावरत येत होत्या. गाडी, गोल, जमलेले लोक आणि काचेतून दिसणारा तो घामेजलेला चेहरा, एवढं पाहिल्यावर नागपूरच्या वरच्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

“म्हणजे काय?” सान्यालबाबू विचारत होते.

लीना सांगत होती. तिचं बंगाली अजून अडखळत होतं, पण हजेरीपट रोज तिच्या हातातून जात होता, आणि त्याबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या दीदींची नावं शाईने लिहिलेली आहेत. वृंदादींचं एकटीचं पेन्सिलीने. त्याच्या खाली नीट पाहिलं तर आणखी एक पुसलेलं नाव दिसतं, गीतादी म्हणून.

“गीतादी आता येत नाहीत,” ती म्हणाली. “पेन्सिलीचं पुसता येतं ना. म्हणून पेनाने लिहा.”

‘चोलबे ना’वाल्या तरुणानेसुद्धा वर उगारलेली मूठ खाली घेतली. चहाच्या टपरीवरच्या एकाने नाक ओढलं. वृंदा मुलांना ओरडून आत न्यायला आली होती, ती फाटकाला धरून उभीच राहिली.

सान्यालबाबूंनी तिसरी मागणी लिहिली, कागदाकडे थोडा वेळ पाहिलं, खाली झोकदार सही केली, तारीख घातली आणि कागद काचेच्या फटीतून बाहेर दिला. मग एकदाचं अशोकने दार उघडलं, आणि एकतीस मुलांनी “नमस्कार, या” म्हणत त्यांना हाताला धरून हॉलमध्ये नेलं.

खरं काय ते बडदींनी त्यांना नंतर सांगितलं. हा घेराव नव्हता हो, स्वागत होतं. मुलं तुम्हाला दार उघडून देणार होती. सान्यालबाबूंच्या हातातला नव्या गुळाचा संदेश तसाच राहिला.

“तुम्ही सही मागे घेऊ शकता,” बडदी म्हणाल्या. त्या न्यायाने वागणाऱ्या बाई होत्या.

“छे छे,” सान्यालबाबू घाईघाईने म्हणाले. “सही करून मागे फिरलं की काय होतं ते मी पाहिलंय. उद्या बालवर्ग संपावर जाईल.” मग त्यांनी संदेश तोंडात टाकला. “आणि कारखान्यात माझ्याकडे बेचाळीस मागण्या असतात, लाहिरीदी. त्यांतली एकही दुसऱ्या कुणासाठी नसते.”

पण बडदी म्हणजे बडदी. स्वागत असो की घेराव, भर रस्त्यात शंभर माणसांनी ते पाहिलं होतं, आणि ज्या वर्गाने प्रमुख पाहुण्याला गाडीत कोंडलं त्या वर्गाला नागरिकत्वाचा बिल्ला कसा द्यायचा? बाकी चार वर्गांना बिल्ले मिळाले. तिसरीचा बिल्ला बडदींनी कपाटात कुलूपबंद केला.

रविवारभर मोघ्यांच्या घरात आनंद होता. आईने शिरा केला, वडिलांनी काकांना नकाराचं पत्र लिहून ते दोनदा वाचून दाखवलं. वृंदा ताटलीतला शिरा नुसता चिवडत बसली. आपण कायम झालो ते त्या पोरीच्या बिल्ल्याच्या जिवावर, हे काही तिच्या मनातून जाईना. तो निळा फ्रॉक सारखा डोळ्यांपुढे येत होता.

सोमवारी सकाळी लीना नेहमीप्रमाणे हजेरीपट घेऊन आली. वृंदाचं नाव शाईने लिहिलेलं होतं. बडदींचं ठसठशीत अक्षर, अजून किंचित ओलं. वृंदाने सही केली आणि पट मिटून ठेवला. वर्गात लीना तिला वृंदादी म्हणायची, पण दोघीच असल्या की मराठीत बाई.

“लीना, बिल्ला तुझाच होता गं,” वृंदा हळूच म्हणाली. “फार वाईट वाटलं का?”

“नाही, बाई.” लीनाने मान हलवली. “बरंच झालं.”

“बरं कसं?”

“बिल्ला लावल्यावर मग रोजच चांगलं वागायला लागलं असतं ना.” तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “अशोकने माझी वेणी बाकाला बांधली होती, ऑगस्टमध्ये. तेव्हा मला बंगालीत सांगताच येत नव्हतं. आणि मग तुम्ही माझं नाव बिल्ल्याला घातलंत, म्हणून मला थांबायला लागलं.”

“मग आता?” वृंदाने विचारलं.

“आता फक्त एक चिमटा काढते, बाई. एकच.”

मुलं वर्गात येत होती. लीना हजेरीपट छातीशी धरून, शांतपणे, तिसऱ्या बाकावरच्या अशोकच्या दिशेने निघाली. कायम झालेल्या शिक्षिकेने आपल्या पहिल्या दिवशी काय करायला हवं होतं ते वृंदाला पक्कं माहीत होतं. तिने डस्टर उचललं, वर्गाकडे पाठ केली आणि पुसायला काहीच नसलेला तो फळा मागून अशोकची किंकाळी येईपर्यंत सावकाश पुसत राहिली.